शीतनिद्रेतून न उठणारा संगणक

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेतले. उन्हाळ्यात तेथील ओढे आटतात, माती कडक होते आणि बेडूक दिसेनासे होतात. ते मेलेले नसतात. जमिनीत गाडून घेऊन पडलेले असतात. श्वास मंद, हृदयाचे ठोके मंद. पहिला जोराचा पाऊस झाला, की रात्री ओढ्याकाठी त्यांचे डराव डराव सुरू!

संगणकाच्या एका अवस्थेलाही अशाच झोपेचे नाव मिळाले आहे : हायबरनेशन, म्हणजे शीतनिद्रा. (बेडकाच्या उन्हाळी झोपेला खरे तर ग्रीष्मनिद्रा म्हणतात, पण तो भेद येथे बाजूला ठेवू.) नाव मात्र थोडे फसवे आहे. बेडकाचे हृदय थांबलेले नसते, तर शीतनिद्रेतील संगणक पूर्ण बंद असतो. मग उठल्यावर त्याला सारे आठवते कसे? आणि कधी कधी तो अर्धवट उठतो, पडदा काळाच राहतो, काही केल्या हलत नाही, ते का? ‘हँग झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा आत काय झालेले असते?

समजा, शिरूरच्या एका शाळेत सर दहावीच्या अंतर्गत गुणांचा तक्ता भरीत आहेत. साठांपैकी चाळीस विद्यार्थ्यांचे गुण भरून झाले, पण तक्ता ‘सेव्ह’ केलेला नाही. हे गुण या क्षणी ‘रॅम’ नावाच्या स्मृतीत आहेत. रॅममधील प्रत्येक शून्य वा एक म्हणजे एका अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युतभार असतो वा नसतो, एवढेच. हा भार सतत गळत असतो, म्हणून सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली, की चाळीस जणांचे गुण गेले! २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात कडक भारनियमन होते, तेव्हा असे प्रसंग नित्याचेच होते.

संगणकाच्या झोपेचे प्रकार इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९६ साली एका मानकात ठरवून दिले. साध्या झोपेत, म्हणजे ‘स्लीप’मध्ये, बाकी यंत्र विसावते पण रॅमची वीज चालू राहते. शीतनिद्रेत मात्र रॅममधील मजकूर डिस्कवरील एका फाइलीत उतरवला जातो आणि मगच वीज तोडली जाते. विंडोजमध्ये ही फाइल ‘हायबरफिल डॉट सिस’ या नावाने, बहुधा सी ड्राइव्हवर, लपलेली असते. उठताना ती पुन्हा रॅममध्ये भरायची आणि काम सोडले तेथून पुढे चालवायचे.

येथवर सारे सरळ आहे. घोटाळा होतो तो पुढे. दौंड जंक्शनला पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती यांकडचे मार्ग एकत्र येतात. अशा स्थानकात एका स्टेशनमास्तरांनी पाळी संपताना वहीत लिहिले, ‘तीन नंबरचा रूळ मोकळा’. दुसऱ्यांनी ती वही वाचली, पण मधल्या वेळात तेथे मालगाडी येऊन उभी राहिली असेल तर? रेल्वेत अर्थातच केवळ वहीवर विसंबून गाडी सोडत नाहीत. संगणकाची शीतनिद्रेची फाइल ही अशीच वही आहे. तिच्यात झोपण्यापूर्वीचे जग असते. पडद्याचे ग्राफिक्स कार्ड, वायफाय, यूएसबी यांच्या आतल्या मांडण्या मात्र वीज तोडताच पुसल्या जातात. त्या नव्याने लावण्याचे काम ‘ड्रायव्हर’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमचे. हा ड्रायव्हर सदोष असला, तर तो न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत बसतो आणि त्याच्यामागे सारी यंत्रणा खोळंबते.

तेव्हा संगणक थिजला, की प्रथम तो खरोखरच थिजला आहे का हे पाहावे. समजा फाइल ४००० मेगाबाइटची आहे आणि जुनी हार्ड डिस्क सेकंदाला ८० मेगाबाइट वाचते. म्हणजे नुसत्या वाचनालाच ५० सेकंद! डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर दोन-तीन मिनिटे धीर धरावा. मग कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक जागा आहे, फक्त पडदा उजळलेला नाही. संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. दिवा ढिम्म राहिला, तर बिघाड अधिक खोल असण्याचा संभव आहे. मग पॉवरचे बटण दहाएक सेकंद दाबून धरण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ‘सेव्ह’ न केलेले काम त्यात जाते. म्हणून शीतनिद्रेपूर्वीही काम ‘सेव्ह’ करावेच.

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकणे, ही तेथील पद्धत. असा हट्टी संगणक त्या पद्धतीने शिकायला मला तरी फार चांगला वाटतो, मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर वगैरे काढून संगणक झोपवून उठवावा. नीट उठला, तर एकेक जोडणी परत करीत दोषी कोण ते पाहावे. नाही उठला, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर संगणकाच्या उत्पादकाकडून नवा घ्यावा. बिघाड नव्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाला असेल, तर जुना परत आणावा. नंतर ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने शीतनिद्रेची सोय बंद करून पुन्हा चालू करावी; त्याने जुनी फाइल पुसली जाऊन नवी तयार होते. एवढ्यावर भागले नाही, तरच डिस्क आणि रॅम यांची तपासणी.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर एक जपणूक हवी. विंडोज शीतनिद्रेत असताना लिनक्समधून तिच्या डिस्कवर काही लिहू नये. उठलेली विंडोज जुन्या वहीवर विश्वास ठेवून लिहू लागते आणि फाइली बिघडतात. थिजणे निदान दिसते तरी; हे नुकसान गुपचूप होते.

२०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून आणखी एक गंमत आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाऊन’ करतानाही विंडोजचा गाभा त्याच लपलेल्या फाइलीत उतरवला जातो. बंद केलेला वाटणारा संगणक अशा वेळी अर्धा शीतनिद्रेतच असतो, आणि बंद-चालू करूनही जुना दोष परत डोके वर काढतो. ‘रीस्टार्ट’ केल्यास मात्र गाभा कोऱ्या पाटीवर नव्याने मांडला जातो. ही सोय बंद करायची असल्यास कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांनी काय करावे हे ठरवण्याच्या पानावर, तिची खूण सापडेल.