बारशी वाढली, ओळख आटली

मुंबईतल्या ज्या कॉलेजातून मी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तिथला माशांचा संग्रह गेल्या वर्षी मोडीत निघाला. ‘स्मार्ट क्लासरूम’ला जागा हवी होती. फॉर्मॅलिनच्या बरण्या आरोग्याला घातक आहेत असा शेरा फाइलीवर पडला, ठेकेदार आला आणि काही पिढ्यांनी जमवलेले मासे टेम्पोत बसून गेले. मला कळवावं असं कुणाला वाटलं नाही. प्रयोगशाळेतल्या शिपायाने फोन केला, तोवर सगळं आटोपलं होतं. गेलेल्या बरण्यांत सर्वांत जास्त होते ते वाळूत आणि चिखलात गाडून घेऊन राहणारे साप-ईल, म्हणजे ऑफिक्थिडी कुळातले मासे.

याच कुळाच्या वर्गीकरणाची घडी ज्या प्रबंधाने बसवली, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. जॉन मॅकॉस्कर यांचा तो प्रबंध कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसने १९७७ साली छापला. त्या पन्नाशीचा हिशेब मांडायचा, तर टेम्पोतल्या बरण्या मध्ये येणारच. त्याला माझा इलाज नाही.

हा मासा ताटात येत नाही, म्हणून आधी ओळख. ईल म्हटलं की आपल्याला वाम आठवते. वामेचं कालवण होतं, तिच्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, भाव मिळतो. साप-ईल त्याच गणातला, पण बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही. अंग गाळात गाडून, फक्त थोबाड बाहेर ठेवून तो खेकडे, कोळंबी आणि बारीक मासे टिपत असतो. अंगावर खवलं नसतात. मागची नाकपुडी थेट वरच्या ओठात उघडते. आणि कुळातल्या बहुतेकांच्या शेपटीला परच नसतो, तिथे असतं कातडीखालचं हाडाचं टणक टोक. चाहूल लागली की ते टोक वाळूत रुतवून मासा मागच्या मागे आत शिरतो. पुढे जेवढ्या सहज जातो, तेवढ्याच सहज मागे. ईलच्या सगळ्या कुळांत जातींच्या संख्येने हेच सर्वांत मोठं: साडेतीनशेच्या वर जाती, साठेक प्रजाती.

कोळी त्याला साप म्हणून काठीने ठेचतात. समुद्रसापाची शेपटी दोन्ही बाजूंनी चपटी असते, अंगावर खवलं असतात आणि श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. साप-ईलला कल्ले असतात आणि विष नसतं. एवढा फरक दहावीच्या पोरालाही सांगता येईल, पण सांगणार कोण?

या माशाची पहिली दीडशे वर्षं मी झटपट उरकतो, कारण ती कंटाळवाणी आहेत. १७८९ साली उप्सालाला लिनियसचे शिष्य थुनबर्ग यांच्या हाताखाली आल नावाच्या विद्यार्थ्याने ऑफिक्थस ही प्रजाती मांडली. १८२२ साली हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात ‘बोरो’ नोंदवला, आजचा पिसोडोनोफिस बोरो. खाडीत, भातखाचरांच्या चिखलात शिरणारा हा साप-ईल आपल्या ओळखीचा. १८५६ साली काउप आले, १८७० साली ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत ग्युंथर आले, पाठोपाठ फ्रान्सिस डे यांची ‘फिशेस ऑफ इंडिया’. १९१६ साली चौधुरींनी चिल्का सरोवरातून एक जात दिली. नावांचा नुसता पाऊस. एकाच माशाला चार ठिकाणी चार नावं आणि भांडण दातांच्या ओळींवरून. ईलची पिल्लं पारदर्शक, चपटी आणि आईबापांशी काडीचं साम्य नसलेली. त्यामुळे त्यांना कित्येक वर्षं वेगळेच मासे समजून वेगळी नावं दिली गेली. इटलीत ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी १८९०च्या दशकात हा घोळ निस्तरायला घेतला.

गोष्टीत जीव आला तो गळ्यातल्या हाडांमुळे. साप-ईलच्या गळ्याखाली दोन्ही बाजूंनी बारीक काट्यांसारखी हाडं येतात, मधोमध एकमेकांवर चढतात आणि टोपलीच्या विणीसारखी जाळी तयार होते. यातले बरेचसे काटे दुसऱ्या कुठल्या हाडाला जोडलेलेही नसतात. अल्बर्ट पार यांनी १९३० साली या जाळीला ज्युगोस्टेगालिया म्हटलं. दुसऱ्या कुठल्या ईलच्या गळ्यात ती नाही. गाळात गाडून घेतलेला मासा श्वासासाठी गळा फुगवतो, तेव्हा तिचा आधार होत असावा असा तर्क आहे. शेपटीला पर असलेले कृमी-ईल तोवर वेगळ्या कुळात बसवले होते. हवाईत गॉसलाइन यांनी १९५०च्या सुमारास त्यांचे गळे तपासले, तर तिथेही तीच जाळी. दोन कुळांचं एक कुळ झालं.

मॅकॉस्कर यांनी १९७७ साली याच वाटेने पुढे जाऊन कुळाचा अख्खा सांगाडा उलगडला. दोन उपकुळं: परवाल्या शेपटीच्या कृमी-ईलांचं मायरोफिनी आणि टणक टोकवाल्यांचं ऑफिक्थिनी. पहिल्यात दोन गट, दुसऱ्यात चार. डोक्याने वाळू फोडणारे वेगळे, शेपटीने शिरणारे वेगळे. त्यातला मला सर्वांत आवडणारा निकाल एकेलस या प्रजातीचा. तिच्या शेपटीला पर आहे, म्हणून जुन्या लोकांनी तिला कृमी-ईलांचा म्होरक्या केलं होतं, उपकुळाला तिचंच नाव होतं. मॅकॉस्कर यांनी बाकीची हाडं मोजली आणि ती दुसऱ्या घरात नेऊन बसवली. पर दिसतो म्हणून नातं ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

आता १९८०चं दशक. इथे मी थांबणार आहे, कारण हे माझं.

त्या दहा वर्षांत या उपेक्षित माशांचं जेवढं भलं झालं, तेवढं आधीच्या दोनशे वर्षांत झालं नव्हतं. सुरुवातीलाच, १९८० साली, बोल्के आणि कारुसो यांनी मेक्सिकोच्या आखातातून ऑफिक्थस रेक्स ही जात दिली. दोन मीटरच्या वर वाढणारा मासा अमेरिकेच्या दारात पोहत होता आणि विज्ञानात त्याला नाव नव्हतं! १९८२ साली युजिनिया बोल्के यांनी ईलच्या मूळ नमुन्यांच्या मणक्यांची सूत्रं छापली: पाठीच्या पराआधी मणके किती, गुदपराआधी किती, एकूण किती. रटाळ वाटणारी ही आकड्यांची यादी म्हणजे आमच्यासाठी खजिना होता. पिल्लाच्या अंगावरच्या स्नायूंच्या पट्ट्या मोजल्या की त्या मोठ्या माशाच्या मणक्यांच्या आकड्याशी जुळतात. अनाथ पिल्लाचे आईबाप शोधायची तीच वाट. १९८४ साली एफएओची पश्चिम हिंदी महासागराची ओळखपत्रं आली, त्याच वर्षी तलवार आणि कक्कर यांचं भारतीय सागरी माशांवरचं पुस्तक आलं. १९८६ साली दक्षिण आफ्रिकेतून ‘स्मिथ्स सी फिशेस’ आणि १९८९ साली उत्तर अटलांटिकच्या ईलवरचे जाडजूड खंड.

आमच्याकडे यातलं निम्मंही पोचत नव्हतं. पुनर्मुद्रणाची विनंती करणारी छापील कार्डं आम्ही परदेशी पाठवायचो. दोन-तीन महिन्यांनी पाकीट यायचं, त्यात लेखकाने स्वखर्चाने पाठवलेला निबंध असायचा. एकदा आलेला निबंध झेरॉक्स होत होत रत्नागिरीपर्यंत जायचा. आज पीडीएफ एका टिचकीवर मिळते आणि वाचायला माणूस मिळत नाही.

मासे मात्र उदंड होते. ट्रॉलर वाढले होते, डोल जाळ्यांत बोंबील-करंदीबरोबर जे येईल ते येत होतं. विकण्याजोगी मासळी वेगळी काढल्यावर खतात जाणारा ढीग उरायचा, त्यात आमचं घबाड. ससून डॉकवर पहाटे एका म्हाताऱ्या कोळणीच्या शेजारी बसून मी तो ढीग उपसायचो. तिने पहिल्यांदा माझा हात मागे ओढला होता. “मास्तर, याला हात लावू नको, साप हाय.” पुढे तीच साप बाजूला काढून ठेवायला लागली.

एकदा घोळ मासा कापताना तिने मला हाक मारली. भोत काढायला पोट फाडलं, तर आतड्याच्या बाहेर, यकृताला चिकटून, एक काळपट, कडक झालेलं वेटोळं. पातळ पडद्याने मढलेलं. तिला वाटलं घोळीला गाठ झाली. पडदा सोलला, तर आत वीतभर साप-ईल, शेपटीचं टोक शाबूत. घोळीने त्याला जिवंत गिळलं असणार. त्याने शेपटीने जठर फोडून बाहेर पडायचा प्रयत्न केला आणि बाहेर पडला तो घोळीच्याच पोटात. तिथे श्वास कसा घेणार? तो मेला, घोळीच्या शरीराने त्याच्याभोवती आवरण चढवलं आणि ती पुढे मजेत जगली. ब्रेडर आणि निग्रेली यांनी १९३४ साली ग्रूपर माशात असाच प्रकार नोंदवला आहे. आमचा नमुना बरणीत गेला, बरणीवर तारीख, जागा आणि घोळीची लांबी लिहिली गेली. गेल्या वर्षी टेम्पोत बसला तो हाच.

मणके मोजायला एक्स-रे लागायचा. विभागाकडे यंत्र नव्हतं आणि मागणीपत्राला एका वरिष्ठांनी उत्तर दिलं होतं, “ज्याला बाजारात भाव नाही, त्या माशावर सरकारी पैसा का घालवायचा?” भाव असलेल्या माशांवर पैसा घालवून त्यांनी काय उजेड पाडला, ते विचारायचं राहून गेलं, आता विचारतो. आमचं काम भागवलं एका डॉक्टर मित्राने. शेवटचा पेशंट गेला की तो मासे काचेवर मांडायचा. सकाळी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून मुलं टाचणीच्या टोकाने एकेक मणका मोजायची. शंभरच्या पुढे हमखास कुणाचा तरी आकडा चुकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. दोघांचे आकडे जुळल्याशिवाय वहीत नोंद नाही, असा नियम होता. आमच्या मुलांना वर्गीकरण आलं ते या टाचणीमुळे.

नव्वदीनंतर जैवतंत्रज्ञानाची लाट आली आणि वर्गीकरण हा शब्द उच्चारणारा माणूस बावळट ठरू लागला. ती वर्षं मी गाळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने पुढे विच्छेदनं टप्प्याटप्प्याने बंद केली. बेडकं वाचली, चांगलं झालं. पण त्यासरशी बाजारात मेलेल्या मासळीचाही वर्गात येण्याचा रस्ता बंद झाला.

आज म्हणाल तर या कुळाचे दिवस बरे दिसतात. २०१९ साली अंदमान समुद्रातून एक नवी जात निघाली, तिला नाव दिलं ऑफिक्थस मॅकॉस्करी. त्या माणसाचं नाव अखेर आपल्या किनाऱ्याला लागलं, याचा मला मनापासून आनंद झाला. ओडिशात गोपाळपूरला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रातली मंडळी बंगालच्या उपसागरातून नव्या जाती देत आहेत आणि त्यासाठी मणके आणि डोक्यावरची छिद्रं मोजण्याची जुनी मेहनत घेत आहेत. ते अपवाद आहेत. बाकी ठिकाणी काय चालतं? माशाचा तुकडा कापायचा, डीएनए वाचून घ्यायला पाठवायचा, संगणकाने सर्वांत जवळचं म्हणून जे नाव दाखवलं ते चिकटवायचं आणि मासा फेकून द्यायचा. संगणकातलं नाव तरी कुणीतरी माशाकडे बघूनच घातलेलं असतं ना? त्याने चुकीचं घातलं असेल, तर ते तपासायला मासा कुठे आहे?

माझा डीएनएशी झगडा नाही. एकेलसच्या शेपटीने कित्येक वर्षं लोकांना फसवलं. डोळ्यांना जे दिसत नाही ते रेणूंना दिसत असेल, तर हवंच आहे. फॉर्मॅलिनमधल्या माशातून डीएनए काढणं कठीण, हाही आक्षेप मला मान्य. पण फॉर्मॅलिनमधल्या माशाचे मणके मोजता येतात, गळ्यातली जाळी पाहता येते, आणि शंभर वर्षांनी आलेला शहाणा “तुम्ही साफ चुकलात” असं पुराव्यासकट सांगू शकतो. पिसोडोनोफिस बोरो डोक्यानेही बीळ करतो आणि शेपटीनेही, हे बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या मंडळींनी २००७ साली त्याचे स्नायू आणि हाडं उलगडून मांडलं. आपल्या खाडीत वळवळणारा मासा, आणि त्याचं अंग वाचायची हौस गेंटला!

तेव्हा मॅकॉस्कर यांच्या प्रबंधाच्या पन्नाशीनिमित्त आमच्या विद्यापीठाने परिसंवाद भरवलाच, तर शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह घेऊन माझ्याकडे येऊ नका. तो खर्च वाचवून एक एक्स-रे यंत्र घ्या, बरण्यांना कुलपाची एक खोली द्या आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या पोरांपैकी एकाला वर्गीकरणासाठी कायम पदावर घ्या. टाचणी माझ्याकडे आहे, ती फुकट देतो.