कृत्तिकांचा संसार

लक्ष्मीपूजन आटोपावे, मुलांचे फटाके संपावेत, आणि रात्री नऊच्या सुमारास घटकाभर गच्चीवर जाऊन उभे राहावे. अमावास्येचे आकाश काळेभोर असते. पूर्वेकडे पाहिले, तर इवल्याशा ताऱ्यांचा एक झुपका चटकन नजरेत भरतो. त्याच आपल्या कृत्तिका. पाडव्यापासून सुरू होणाऱ्या कार्तिकाचे नाव त्यांच्यावरूनच पडले, आणि कार्तिकेयाचेही. या सहा जणींनी त्या बाळाला दूध पाजले, सर्वांचे दूध एकदम पिता यावे म्हणून त्याला सहा मुखे फुटली, अशी पुराणातली कथा आहे.

डोळ्यांना सहसा सहाच कृत्तिका दिसतात. १६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहून छत्तीस तारे कागदावर चितारले. आज ही गणती हजारावर गेली आहे. सुमारे ४४० प्रकाशवर्षांवरचे हे सारे कुटुंब. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्यांचा प्रकाश निघाला, तेव्हा पैठणास एकनाथमहाराज हयात होते!

पण हे तारे एकत्र आले कसे? ते एकत्र आलेच नाहीत. ते एकत्र जन्मले. दोन ताऱ्यांमधली जागा आपण समजतो तशी अगदी रिकामी नसते. तिथे हायड्रोजन वायूचे आणि धुळीचे अवाढव्य मेघ पसरलेले असतात, आणि त्यांतले काही शून्याखाली २६० अंशांहूनही थंड असतात. असा मेघ स्वतःच्याच वजनाने आत ढासळू लागला, की त्याच्या गाठी होतात, गाठी तापतात आणि एकेका गाठीत तारा पेटतो. हे बाळंतपण पाहायचे असेल, तर मध्यरात्रीनंतर मृगाकडे वळावे. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसतो. सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तो तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांचे सूतिकागृहच होय.

इथवरची गोष्ट सरळ आहे. खरी गंमत पुढेच. आपल्या आकाशगंगेत असा थंड वायू सुमारे १०० कोटी सूर्यांच्या वजनाइतका आहे. नुसत्या गुरुत्वाकर्षणाचेच चालले असते, तर त्यातून दरवर्षी शेकडो सूर्यांच्या वजनाचे तारे घडले असते आणि शिल्लक बघता बघता संपली असती. प्रत्यक्षात वर्षाकाठी जेमतेम एकदोन सूर्यांइतकेच तारे घडतात. हा हात आखडता कोण धरतो?

उत्तर असे, की बऱ्याच अंशी ती नवजात ताऱ्यांचीच करामत आहे. प्रत्येक मोठ्या कुटुंबात दोनचार तापट माणसे असतात, तसे प्रत्येक मोठ्या तारकागुच्छात काही महाकाय तारे असतात. त्यांच्या प्रखर प्रकाशाने आणि झंझावाताने भोवतालचा वायू तापतो, उधळला जातो. मेघाचा बराचसा भाग तारे न होताच परत अवकाशात जातो. काही दशलक्ष वर्षांतच हे महाकाय तारे स्फोट होऊन संपतात. दीर्घिका लहान असेल, तर अशा स्फोटांनी तिच्यातला वायू बाहेरही फेकला जातो. १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरच्या एम-८२ या दीर्घिकेतून असे वायूचे लोट बाहेर पडताना दुर्बिणींना स्पष्ट दिसतात.

मात्र हे नुसते उधळणे नव्हे, पेरणेही आहे. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू मुख्यतः अशाच महाकाय ताऱ्यांच्या पोटात शिजला आणि स्फोटांनी आकाशगंगेत विखुरला. त्या मिसळणीतून पुढच्या पिढीचे तारे झाले, ग्रह झाले, आपण झालो. पुराणातल्या कृत्तिकांनी एकाच बाळाला पोसले. आकाशातले तारकागुच्छ आख्ख्या दीर्घिकेला पोसतात. शिवाय हे काम फार जुने आहे. विश्व अवघे ४६ कोटी वर्षांचे असतानाच्या एका चिमुकल्या दीर्घिकेत जेम्स वेब दुर्बिणीला पाच घट्ट तारकागुच्छ सापडल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले.

एकत्र जन्मलेली ही कुटुंबे कायम एकत्र राहतात का? बहुतेक राहत नाहीत. भोवतीचा वायू उडून गेला, की बांधून ठेवणारी ओढ सैल पडते, आणि पुष्कळसे गुच्छ तिथेच फुटतात. कृत्तिका त्यातून निभावल्या. त्यांचे वय सुमारे १० ते १३ कोटी वर्षे. ४६० कोटी वर्षांच्या आपल्या सूर्यापुढे त्या तान्ह्याच म्हणायच्या. पण आणखी काही २० ते ३० कोटी वर्षांत त्यांचीही पांगापांग होईल.

आपला सूर्यदेखील अशाच एखाद्या भरल्या घरात जन्मला असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते. त्याची भावंडे केव्हाच आकाशगंगेत विखुरली. ओळखीची खूण म्हणून उरली आहे ती फक्त अंगच्या द्रव्यांची सारखी घडण. आणि ती ताडून पाहत त्यांचा शोध चालू आहे.

भाऊबीजेला भावाच्या आधी चंद्राला ओवाळण्याची आपल्याकडे रीत आहे. यंदा ओवाळून झाल्यावर, पूर्वेला वर आलेल्या त्या झुपक्याकडेही एकदा पाहावे. घरातली सगळी भावंडे एका पाटाशी जमलेली दिसणे, ही आकाशातसुद्धा थोड्याच दिवसांची गोष्ट असते.