आमराईतील फुलपाखरे आणि पर्यटकांचा कॅमेरा

कोलकात्याच्या दक्षिण सीमेवर नरेंद्रपूर येथे सुमारे १७ एकरांची एक जुनी फळबाग आहे. आंबा, फणस, चिंच, नारळ, पेरू यांची वयोवृद्ध झाडे, त्यांवर चढलेल्या वेली आणि खाली साचलेला पालापाचोळा असे तिचे स्वरूप. ‘कयालेर बागान’ हे तिचे जुने नाव. १९८२ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २००५ मध्ये शिल्पकार चिंतामणी कर यांचे नाव देण्यात आले. कागदोपत्री हे पक्षी अभयारण्य होय. येथे येणारा पर्यटक मात्र केवळ पक्ष्यांसाठीच येतो काय, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पर्यटकाला फक्त पक्षी आणि स्वच्छ पायवाट हवी असे गृहीत धरले, तर पाचोळा झाडला जातो, वेली कापल्या जातात, कुजलेले ओंडके उचलले जातात आणि त्यांवर जगणारी कीटकसृष्टीही त्यांबरोबर जाते.

प्रवेशद्वारावरील तिकिटांवरून किती माणसे आली हे कळते. त्यांनी काय पाहिले हे कळत नाही. प्रश्नावली भरून घेण्यास मनुष्यबळ आणि पैसा लागतो, शिवाय विचारणाऱ्याला आवडेल असे उत्तर देण्याकडे माणसाचा कल असतो. समाजमाध्यमांवर टाकलेले छायाचित्र मात्र कोणी विचारले म्हणून काढलेले नसते. त्यासोबत दिनांक असतो, पुष्कळदा स्थानही असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातील ८३६ पर्यटनस्थळांवरील प्रत्यक्ष पर्यटकसंख्या आणि ‘फ्लिकर’वरील छायाचित्रे यांची तुलना करण्यात आली. छायाचित्रांवरून भेटींचा विश्वासार्ह अंदाज बांधता येतो, असे त्यातून दिसून आले. तेथे छायाचित्रे मोजली नव्हती. एका व्यक्तीने एका दिवशी कितीही छायाचित्रे टाकली, तरी ती एकच नोंद धरली होती. ही खबरदारी घेतली नाही, तर एका धनेशामागे दिवसभर फिरणारा एकच हौशी छायाचित्रकार सारे आकडे बिघडवू शकतो.

संख्येनंतर प्रश्न येतो आवडीचा. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात संशोधकांनी पर्यटकांची प्रश्नावली आणि त्याच काळातील इन्स्टाग्राम व फ्लिकरवरील १३,६०० हून अधिक छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. मोठे सस्तन प्राणी दोन्हीकडे अग्रस्थानी होते. मात्र कमी आकर्षक मानल्या जाणाऱ्या जिवांविषयीची आवड फ्लिकरवर अधिक नेमकी उमटली होती. तात्पर्य, एकाच माध्यमावर विसंबलेला निष्कर्ष एकांगी ठरण्याचा धोका असतो.

कोलकात्यात ही पद्धत वापरायची तर पहिली अडचण भाषेची. बंगालीत फुलपाखराला ‘प्रजापती’ म्हणतात आणि लग्नपत्रिकेवरही ते छापले जाते. या शब्दाने शोध घेतला की फुलपाखरांबरोबर विवाहसोहळेही हाती लागतात. इंग्रजी शब्दाने शोधावे, तर बंगालीत लिहिणारे सारे निसटतात. ‘टायगर’ या खुणेची गंमत तर वेगळीच. सुंदरबनातील वाघाखेरीज तीत बांगलादेशाचा क्रिकेट संघ येतो आणि ‘प्लेन टायगर’, ‘स्ट्राइप्ड टायगर’ ही रुईवर्गीय वनस्पतींवर वाढणारी फुलपाखरेही येतात. त्यामुळे मथळ्यांपेक्षा प्रत्यक्ष छायाचित्रच तपासावे लागते. संगणकीय प्रतिमा-ओळख ‘पक्षी’, ‘फुलपाखरू’, ‘सस्तन प्राणी’ अशी ढोबळ विभागणी झटपट करते. जातीपर्यंत पोहोचण्यासाठी मात्र जाणकाराची नजर अद्याप लागतेच.

सुंदरबनाचा उल्लेख आलाच आहे, तर तुलनाही करावी. कोलकात्याचा पर्यटक तेथे वाघाच्या आशेने होडीत बसतो. वाघ क्वचितच दिसतो. कॅमेऱ्यात उतरतात ते खंड्या, मगर, चितळ आणि खाजणातली झाडे. येथे छायाचित्रातून पर्यटकाची इच्छा कळत नाही, त्याला काय लाभले एवढेच कळते. नरेंद्रपुरात उलट आहे. तेथे कोणी एका मोठ्या प्राण्याच्या शोधात येत नाही. म्हणून आंब्याच्या पानावर वाढणारे ‘कॉमन बॅरन’ किंवा कढीपत्ता-लिंबूवर्गीय झाडांवर वाढणारे ‘कॉमन मॉरमॉन’ टिपण्यासाठी थांबलेला पर्यटक खऱ्या आवडीची साक्ष देतो.

या साक्षीला मर्यादा आहेत. छायाचित्रे म्हणजे जिवांची गणना नव्हे. आंब्याच्या मोहोरावर परागीभवनाचे मोठे काम विविध जातींच्या माश्या करतात. बागेच्या दृष्टीने त्यांचे मोल फुलपाखरांहून कमी नाही, तरी त्यांचे छायाचित्र काढण्यास सहसा कोणी थांबत नाही. महागडा कॅमेरा नसलेले, वयस्कर, किंवा केवळ सावलीत बसायला आलेले लोकही या विदेत दिसत नाहीत. शिवाय ही विदा मिळणे माध्यम चालवणाऱ्या कंपन्यांच्या मर्जीवर असते. २०१८ मध्ये इन्स्टाग्रामने संशोधकांना खुली असलेली वाट बरीच अरुंद केली.

आणि कुतूहल नेहमीच निरुपद्रवी नसते. महाराष्ट्रात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य परिसरात मे अखेरीस व जूनमध्ये हिरडा, बेहडा, जांभूळ यांच्या झाडांवर काजवे चमकतात. समाजमाध्यमांवरील चित्रफितींनी तेथे वाहनांची रीघ लावली. काजव्यांचे नर-मादी परस्परांना प्रकाशाच्या लुकलुकण्यावरूनच ओळखतात. वाहनांच्या दिव्यांत तो संकेत हरवतो. शेतातील गोगलगायी खाणाऱ्या काजव्यांच्या अळ्या पुढील पिढीत किती राहतील, हे या काही रात्रींवर अवलंबून असते. यासाठीच दुर्मीळ जातींचे अचूक स्थान उघड करू नये असा संकेत अभ्यासकांत रूढ आहे. ‘आयनॅचरलिस्ट’सारखी व्यासपीठे संकटग्रस्त जातींचे स्थान आपोआप अस्पष्ट करतात. छायाचित्र टाकणाऱ्याचे नाव व ओळख अभ्यासाच्या तक्त्यातून वगळणेही तितकेच आवश्यक ठरते.

नरेंद्रपूरसारख्या बागेत म्हणून दोन नोंदी जोडीने ठेवणे इष्ट. एकीकडे महिनावार छायाचित्रांचे वर्गीकरण. दुसरीकडे आंबा मोहोरला असताना ठरावीक झाडांच्या ठरावीक मोहोरांवर दहा-दहा मिनिटे थांबून येणाऱ्या कीटकांची मोजणी. पहिल्या नोंदीसाठी संगणक पुरेसा आहे. दुसरीसाठी सकाळी ऊन चढण्यापूर्वी झाडाखाली उभे राहावे लागते.