जानेवारीतला मका

बिहारमधल्या बेगुसरायकडे जानेवारीत धुकं हटायला दहा-साडेदहा वाजतात. दवाने ओथंबलेल्या, गुडघाभर वाढलेल्या मक्याच्या चाचणी-प्लॉटमध्ये मी एका पैदासकारांसोबत फिरत होतो. एक ओळ हिरवीगार, तर तिला लागून असलेली ओळ पानांच्या कडेपासून जांभळी पडलेली. आपल्याकडचा कुणीही शेतकरी म्हणेल, स्फुरद कमी पडलंय. पण दोन्ही ओळींना खत सारखंच; फरक थंडी सोसण्याचा. गारठलेल्या जमिनीत मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही, वाढ खुंटल्याने पानात साखर साचते आणि हा रंग चढतो. पैदासकार प्रत्येक ओळीपाशी थांबून वहीत गुण मांडत होते.

मका मूळचा मेक्सिकोतल्या उबदार खोऱ्यांचा. पारा १० अंशांखाली उतरला की त्याची वाढ जवळपास थांबते. तरी बिहारमध्ये तो रब्बीत घेतात, कारण रोगराई कमी, पीक पाच महिने शेतात, आणि उतारा खरिपापेक्षा चांगलाच जास्त. पाच-सहा पानांचं होईपर्यंत रोपाचा वाढता कोंब मातीखालीच असतो; त्यामुळे पानं करपली तरी ते सावरतं. खरा घात फुलोऱ्यात होतो. कडाक्यात पराग वांझ निघतो, कणसाचे केस उशिरा बाहेर पडतात आणि सोललेल्या कणसात दाणे विरळ दिसतात. त्यामुळे नुसत्या हिरव्या पानांवर भाळून केलेली निवड मला तरी धोक्याची वाटते.

बाहेरचा पराग पडू नये म्हणून निवडलेल्या झाडांच्या कणसांवर केस फुटण्याआधीच बटर पेपरची पिशवी चढते, तुऱ्यावर खाकी पिशवी. थंडीत पराग उशिरा सुटतो, म्हणून ऊन वर येईपर्यंत थांबायचं. मग तुरा वाकवून पिशवीत झटकायचा आणि तो पिवळा भुगा केसांवर पाडून कणीस लगेच झाकायचं.

थंडीतला चिवटपणा आणि उतारा एकाच झाडात आणणं जमतं, हे फ्रान्सने १९५०च्या दशकात दाखवलं. तिथल्या लाकोन या स्थानिक मक्यापासून काढलेल्या ‘एफ-२’ नावाच्या शुद्ध वाणाचा अमेरिकी डेंट मक्याशी संकर झाला आणि युरोपच्या थंड मुलखात मका उत्तरेकडे सरकला.

हिवाळा सौम्य गेला तर मात्र सगळ्याच ओळी हिरव्या राहतात आणि निवडीचा हंगाम हातचा जातो. प्रयोगशाळेत बी शेतातल्या मातीत १० अंशांवर आठवडाभर ठेवून मग २५ अंशांवर उगवण मोजतात. त्यातून उगवण कळते, फुलोऱ्याचं काही कळत नाही. म्हणून शेतकरी टाळतो ती लवकरची पेरणी इथे मुद्दाम करतात. तिचा फुलोरा ऐन कडाक्यात सापडतो, आणि तेव्हाही ज्या कणसात टोकापर्यंत दाणा भरतो, त्याचंच बी पुढच्या वर्षीसाठी राखतात.