खासदार निधी आणि कर्करोग संशोधन

कर्करोग संशोधनाला खासदाराने पाठिंबा दिला, की तो पैसा खासदार निधीतूनच येणार असे अनेकांना वाटते. तसे नसते. उदाहरणार्थ, अहिल्यानगर जिल्ह्यातील दोन्ही लोकसभा खासदार या निधीतून प्रत्येकी वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवू शकतात. मंजुरी जिल्हा प्रशासन देते. हा निधी मुख्यतः शाळाखोली, रस्ता, रुग्णवाहिका अशा टिकाऊ गोष्टींसाठी असतो. संशोधकांचे पगार, वर्षानुवर्षे ठेवायच्या रुग्णनोंदी असा आवर्ती (दरवर्षी पुन्हा येणारा) खर्च त्यात बसत नाही.

संशोधनाचा केंद्राकडून मिळणारा पैसा अनुदानाच्या मागण्यांतून (खात्यांनी लोकसभेकडे मागितलेली खर्चमंजुरी) येतो. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद अंदाजपत्रकावर बोलतो, हात वर करतो. खिशातून मात्र काही देत नाही. लोकसभेतील पाठिंबाही असाच असतो: प्रश्न, भाषण, मत. तो कमी मोलाचा नाही. उलट खासदार निधीपेक्षा कितीतरी मोठ्या रकमा याच वाटेने जातात.

उदाहरणार्थ, मुंबईचे टाटा स्मारक हे कर्करोग रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्यामुळे त्याची तरतूद शोधायची तर आरोग्य खात्याचे नव्हे, त्या विभागाचे अंदाजपत्रक उघडावे.