आंबागडावरील एकदिवसीय पदभ्रमण

आंबागड हा महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याकडील डोंगररांगेत वसलेला गिरिदुर्ग आहे. एका दिवसात माथा गाठून परतता येईल अशी ही चढाई आहे. उंचीच्या दृष्टीने आंबागड सह्याद्रीतील कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) जवळपासही येत नाही. तथापि पूर्व विदर्भात डोंगराची कठीणता केवळ उंचीवर ठरत नाही. ऊन, पाणी आणि दिवसाचे किती तास हाताशी आहेत यांवर ती ठरते. त्यामुळे येथील पदभ्रमणाच्या नियोजनात अंतरापेक्षा वेळेला अधिक महत्त्व असते.

स्थान आणि पार्श्वभूमी

मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील तुमसर रोड हे सर्वांत जवळचे मोठे रेल्वे स्थानक होय. तेथून तुमसर शहर आणि पुढे रस्त्याने आंबागड गाव गाठता येते. जवळच गायमुख हे तीर्थस्थान असून तेथे महाशिवरात्रीला यात्रा भरते.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण याने हा किल्ला इ.स. १७०० च्या सुमारास बांधला, असे मानले जाते. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला आणि त्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला. येथील कैद्यांना विहिरीचे दूषित पाणी पिण्यास भाग पाडले जाई, अशी माहिती परंपरेने सांगितली जाते. तिची सत्यता काहीही असो, गडावरील साठलेले पाणी आजही पिण्यायोग्य समजू नये. आज प्रवेशद्वार, बुरूज, तटबंदी आणि काही वास्तूंचे अवशेष गडावर पाहावयास मिळतात.

ऋतूची निवड

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चढाईस सर्वांत अनुकूल असतो. हवा कोरडी व थंड असते, वाटा स्पष्ट दिसतात आणि आकाश निरभ्र असल्यास माथ्यावरून सभोवारचा प्रदेश दूरवर न्याहाळता येतो. या दिवसांतील उणीव एकच, ती म्हणजे दिवस लहान असतो. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्यापूर्वीच अंधारू लागते.

मार्चमध्ये पानगळ झालेल्या रानात सावली विरळ होते. एप्रिल आणि मे महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत वा त्याच्याही पुढे जातो. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो, तेव्हापासूनच्या नऊ दिवसांना विदर्भात ‘नवतपा’ म्हणतात. या काळात स्थानिक लोक मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करण्यास रानात जातात, परंतु पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी घरी परतण्याचा त्यांचा प्रयत्न असतो. हौशी प्रवाशाने एप्रिल ते मध्य जून या काळात चढाई टाळणेच इष्ट.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, परंतु दगड निसरडे होतात, गवत वाढून वाट झाकली जाते आणि विजांचा धोका संभवतो. गडगडाट ऐकू येताच माथा, बुरूज व एकाकी उंच झाड यांपासून दूर होऊन खाली उतरावे.

वेळेचे गणित

स्कॉटलंडचा गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ याने १८९२ मध्ये डोंगरी चालीचा एक सोपा ठोकताळा मांडला. दशमान पद्धतीत तो पुढीलप्रमाणे सांगता येतो : दर ५ किलोमीटर अंतरास एक तास आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास. हा हिशोब सशक्त व सरावलेल्या माणसाचा आहे. मुले, वयस्क किंवा नवखे सोबत असल्यास आलेल्या वेळेत निम्मी भर घालणे योग्य ठरते.

उदाहरणार्थ, जाऊन-येऊन ६ किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ असलेली वाट घेतली, तर अंतरासाठी १ तास १२ मिनिटे व चढासाठी ३० मिनिटे, म्हणजे एकूण १ तास ४२ मिनिटे लागतात. त्यात निम्मी भर घातल्यास सुमारे अडीच तास होतात. विश्रांती, न्याहारी आणि गड पाहणे यांसाठी दोन तास धरले, तर एकूण साडेचार तासांची योजना होते. सकाळी सात वाजता पायथा सोडणारा गट साडेअकराच्या सुमारास खाली येतो.

आरंभाची वेळ ठरविताना दोन मर्यादा सांभाळाव्या लागतात. उन्हाच्या दृष्टीने जितके लवकर निघावे तितके चांगले. परंतु या रानात बिबट व अस्वलांचा वावर असतो. पेंच आणि नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा वन्यजीवांचा भ्रमणमार्गही भंडारा जिल्ह्यातून जातो. म्हणून पूर्ण उजाडण्यापूर्वी वाटेला लागू नये. उजाडणे आणि ऊन चढणे यांमधले तास हाच चढाईचा खरा अवकाश होय.

निघण्यापूर्वीच परतीची वेळ निश्चित करावी. ती वेळ झाली की गट जेथे असेल तेथून माघारी वळतो, मग माथा हाकेच्या अंतरावर का असेना. हा निर्णय पायथ्याशी, ताज्या मनाने घेतलेला असावा. माथा डोळ्यांसमोर दिसू लागल्यावर थकवा कमी लेखण्याकडे मनाचा कल असतो.

पाणी, शिदोरी आणि साहित्य

थंडीच्या दिवसांत चालताना माणशी दर तासाला साधारण अर्धा लिटर पाणी लागते. साडेचार तासांच्या फेरीसाठी सव्वादोन लिटर होतात. म्हणून प्रत्येकाने तीन लिटर पाणी स्वतःजवळ ठेवावे. निम्मे पाणी संपणे ही परतण्याची खूण समजावी.

घामातून क्षारही जातात. त्यामुळे केवळ साधे पाणी भरपूर पीत राहणे पुरेसे नसते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून केलेले पेय उपयुक्त ठरते. शिदोरीत पोळी-भाजी, गूळ-शेंगदाणे, फुटाणे असे न नासणारे पदार्थ असावेत.

पायांत पकड असलेले बंद बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि डोक्याला दुपट्टा किंवा टोपी असावी. शिटी, विजेरी, प्रथमोपचाराची पेटी आणि कचऱ्यासाठी पिशवी ही गटाची सामायिक गरज होय. मोबाइल फोनवर विसंबून राहू नये. किती जण जात आहेत आणि किती वाजता परतणार, हे गावातील किंवा घरच्या एका व्यक्तीला सांगून ठेवावे.

वाटेवरील दक्षता

गटाची गती सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीइतकी असावी. एक जाणता पुढे आणि एक मागे चालल्यास कोणी मागे पडत नाही. जुन्या बांधकामांवर व उंच झाडांवर आग्या मोहोळ असू शकते. म्हणून धूर, दगडफेक व उग्र अत्तर टाळावे. दगडांच्या फटीत न पाहता हात घालू नये. ढासळत्या तटावर चढू नये. अवशेषांवर नावे कोरू नयेत व रानात विस्तव पेटवू नये.

उष्माघात आणि सर्पदंश

डोके दुखणे, मळमळ, चक्कर व पायात गोळे येणे ही उष्णतेमुळे आलेल्या थकव्याची लक्षणे आहेत. अशा वेळी चढाई थांबवून त्या व्यक्तीला सावलीत बसवावे व घोटघोट क्षारयुक्त पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध होणे, तोल जाणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची चिन्हे होत. घाम चालू असला तरी ती दुर्लक्षू नयेत. कपडे सैल करून अंग पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालयात हलवावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

सर्पदंश झाल्यास जखम कापू, चोखू वा आवळून बांधू नये. दंश झालेला भाग हलू न देता, रुग्णास न चालवता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

या दोन्ही प्रसंगी रुग्णाला उचलून खाली आणण्यास चढाईपेक्षा कितीतरी अधिक वेळ व माणसे लागतात. त्यामुळे दिवसाच्या योजनेत राखून ठेवलेला वेळ आणि शिल्लक पाणी हेच गटाचे मुख्य संरक्षण ठरते.