गलक्यातलं ऐकणं

वयोमानाने कान मंदावले की आवाज येतो, पण शब्द कळत नाही. हिमायतनगरात परमेश्वराच्या यात्रेत भोंगे वाजत असताना दुकानदार ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’, हे उमगत नाही. कारण ‘स’, ‘श’सारखे बारीक, उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. श्रवणयंत्र बोलण्याबरोबर गलकाही वाढवते. समोरचाच आवाज जास्त टिपणारे मायक्रोफोन मदत करतात, पण जवळ जाण्यासारखा उपाय नाही: मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की बोलणे सुमारे ६ डेसिबलने वाढते. बोलणाऱ्याच्या गळ्याशी लावलेला बिनतारी माइक म्हणूनच फार परिणामकारक. घरी पंखा, टीव्ही बंद करावा. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा. ओरडू मात्र नये. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने बुडतात. सावकाश, समोर बसून बोलावे.